'धोका नाही' म्हणणाऱ्या शेगडीची उलटतपासणी

ज्योत नाही, धूर नाही आणि धोकाही नाही, अशा अर्थाचे आश्वासन इंडक्शन शेगडीच्या खोक्यावर हमखास आढळते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी निर्विवाद खऱ्या आहेत. तिसरीची मात्र उलटतपासणी करणे आम्हांस आवश्यक वाटते. विरार-नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोल्यांपासून वसईगावातल्या जुन्या घरांपर्यंत ही शेगडी आता परिचयाची झाली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात 'एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड' या सरकारी क्षेत्रातील कंपनीने देशभरात अशा २० लाख शेगड्या पोहोचवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. म्हणजे हे उपकरण पुढेही वाढत्या संख्येने आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी येणार.

प्रथम तिचे श्रेय तिला देऊ. १८३१ साली फॅरेडेने शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथे थेट स्वयंपाकघरात काम करते. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला २० हजारांहून अधिक आवर्तने असलेला प्रवाह जातो, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि भांडे स्वतःच तापते. पदर पेटण्याची किंवा गॅस गळण्याची भीती नाही. बटण बंद केले की उष्णता निर्माण होणे तत्क्षणी थांबते.

आता सुरक्षेच्या योजना एकेक करून पाहू. पहिली योजना भांडे ओळखण्याची. शेगडी वेटोळ्यात एक क्षणिक स्पंद सोडते आणि त्यातून उठलेली आंदोलने किती लवकर विरतात ते मोजते. वर योग्य भांडे असेल तर ऊर्जा भांड्यात जाते आणि आंदोलने चटकन विरतात. भांडे नसेल तर ती रेंगाळतात आणि शेगडी पुढचा प्रवाह सोडत नाही.

इथे वर्गात नेहमी होणारी एक चूक दुरुस्त करायला हवी. अ‍ॅल्युमिनियमच्या, म्हणजे घरोघरी ज्याला जर्मनचे म्हणतात त्या पातेल्यात भोवरी प्रवाह निर्माणच होत नाहीत, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. प्रवाह निर्माण होतात; पण अ‍ॅल्युमिनियमचा रोध कमी असतो आणि प्रवाह सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या थरातून वाहतो. लोखंड चुंबकीय असल्याने त्यातला प्रवाह दशांश मिलिमीटरहूनही पातळ थरात कोंडला जातो. वाट अरुंद, म्हणून रोध जास्त आणि उष्णताही जास्त. थोडक्यात, शेगडी 'भांडे' ओळखत नाही, ती केवळ हा रोध ओळखते. म्हणूनच लोखंडी तव्यात भाकरी आहे की तवा रिकामा आहे, हे तिला कळत नाही. चुंबकीय पोलादाचे मोठे झाकण चुकून वर राहिले, तर तेही तिला भांडेच वाटू शकते.

दुसरी योजना तापमानाची. काचेखाली मध्यभागी एक थर्मिस्टर टेकवलेला असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो आणि ठरावीक मर्यादेला शेगडी प्रवाह तोडते. पण तो तेलाचे तापमान मोजत नाही, काचेच्या खालच्या बाजूचे मोजतो. हा फरक किती महत्त्वाचा आहे ते गणितानेच पाहू.

अर्धा किलो वजनाच्या पोलादी कढईत १८० ग्रॅम तेल आहे, असे धरू. तेलाची विशिष्ट उष्माधारकता सुमारे २ आणि पोलादाची सुमारे ०.४६ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश. तापमान ३० वरून २३० अंशांपर्यंत, म्हणजे तेल धुरावण्याच्या सुमारास न्यायचे, तर तेलाला ७२ आणि कढईला ४६, मिळून ११८ किलोज्यूल लागतील. २००० वॅटच्या शेगडीतून १७०० वॅट कढईला मिळाले, तर वेळ लागेल सुमारे ७० सेकंद. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ३ अंशांची वाढ. आता काच ४ मिलिमीटर जाडीची आहे आणि तिची उष्णता-विसरणक्षमता सेकंदाला सुमारे ०.८ चौरस मिलिमीटर आहे. जाडीचा वर्ग भागिले विसरणक्षमता, म्हणजे १६ भागिले ०.८. उत्तर २० सेकंद. काच ओलांडून बातमी खाली पोहोचेपर्यंत तेल आणखी सुमारे ६० अंशांनी तापलेले असेल! हा ढोबळ अंदाज आहे. पण बुडाला पोक असलेली कढई असेल, तर मधल्या हवेमुळे विलंब आणखी वाढतो. तेव्हा थर्मिस्टर निरुपयोगी नाही, पण तो तळणाऱ्या माणसाच्या नजरेची जागा घेऊ शकत नाही.

तिसरी बाब शेगडीच्या बाहेरची आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. हा प्रवाह ६ अँपिअरच्या खोबणीतून घेतला, तर सैल जोडणीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दुपटीहून अधिक होते. शेगडीतील कोणतेही नियंत्रण भिंतीतली तार पाहू शकत नाही. त्यासाठी १६ अँपिअरची खोबण, नीट अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा खटका हवा. भाड्याच्या खोलीत हे भाडेकरूच्या हाती नसते, घरमालकाच्या हाती असते. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्या लवकर गंजतात. जुलै २०१८ च्या पुरासारख्या प्रसंगी घरात पाणी शिरले, तर भिजलेली शेगडी नुसती पुसून लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

आमची मुख्य तक्रार माहितीपुस्तिकांविषयी आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०३३५ मालिकेत अशा शेगड्यांसाठी स्पष्ट सूचना आहेत. काच तडकली तर वीज बंद करा. चमचे, झाकणे वर ठेवू नका. काम झाल्यावर बटणानेच शेगडी बंद करा, भांडे ओळखणाऱ्या यंत्रणेवर विसंबू नका. आमच्या पाहण्यातील पुस्तिकांत या सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत होत्या आणि पदार्थांची चित्रे मात्र मोठी रंगीत होती. मराठीत सूचना नसलेले उपकरण मराठी घरात सुरक्षित कसे म्हणावे? शिवाय काच स्वतः तापत नसली, तरी तापलेल्या भांड्यामुळे चटका देण्याइतकी गरम होते. ती अजून गरम आहे हे दाखवणारा दिवा स्वस्त शेगड्यांतही असायला हवा.

दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या प्रकरणाला जोडून शिक्षकांनी एक गृहपाठ जरूर द्यावा. घरातल्या शेगडीवरील वॅटचा आकडा वाचून प्रवाह काढा, तो खोबणीवरील आकड्याशी ताडून पाहा आणि पुस्तिकेतल्या सूचना मराठीत लिहून शेगडीजवळच्या भिंतीवर चिकटवा. कंपन्यांनी करायचे काम त्यांनी करेपर्यंत एवढे तर आपल्या हाती आहे.