ईयोबाचा ग्रंथ : प्रश्न आणि श्रद्धा

हिब्रू बायबलातील ईयोबाचा ग्रंथ हा सोशिकपणाचा आदर्श होय, असे मानण्याची परंपरा जुनी आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्राने तिला बळ दिले. परंतु सोशिक ईयोब आढळतो तो मुख्यतः पहिल्या दोन गद्य अध्यायांत. तिसऱ्या अध्यायापासूनच्या पद्यात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो व ईश्वराकडे न्याय मागतो.

अलीफज, बिल्दद व सोफर ह्या मित्रांचा युक्तिवाद सरळ आहे : दुःख हे पापाचे फळ, ज्याअर्थी ईयोब दुःखी, त्याअर्थी तो पापी. ईश्वरी न्यायाचे सूत्र आपणांस पूर्णपणे उमगले आहे, हे त्यांचे गृहीतकृत्य. ते ईश्वराविषयी बोलतात, ईश्वराशी कधीच नाही. ईयोब मात्र वारंवार द्वितीय पुरुषाकडे वळतो. त्याची तक्रारही संबोधनच असते.

मनुष्य खाणीतून रुपे व सोने काढतो, पण ज्ञानाचे स्थान त्यास ठाऊक नाही, हा २८ व्या अध्यायातील विचार पुढील ईश्वरभाषणाची पूर्वतयारीच होय. ३८ ते ४१ ह्या अध्यायांत ईश्वर बोलतो, ते बहुतांशी प्रश्नांतूनच. पृथ्वीचा पाया, हिमाची भांडारे, रानगाढवाचे स्वातंत्र्य ह्यांविषयी तो विचारतो. ईयोबाच्या दुःखाचे कारण सांगत नाही. स्वर्गातील पैज वाचकास ठाऊक असते. ईयोबास ती अखेरपर्यंत कळत नाही.

४२:६ मधील 'निहम्ती' ह्या क्रियापदाचा अर्थ येथे निर्णायक ठरतो. प्रचलित अनुवादांत 'पश्चात्ताप' हा अर्थ येतो. परंतु त्याच धातूपासून बनलेली सांत्वनवाचक रूपे २:११, १६:२ व ४२:११ येथे आढळतात. 'धूळ व राख ह्यांविषयी माझे समाधान झाले' असा अर्थही म्हणूनच संभवतो. लगेच पुढे, ईयोबाप्रमाणे मित्र यथार्थ बोलले नाहीत, असा निर्णय ईश्वर देतो. तेथे केवळ पश्चात्तापाचा अर्थ घेतल्यास त्या निर्णयाशी त्याची संगती लावणे कठीण जाते.

उपसंहारात ईयोबास दुप्पट संपत्ती मिळते. त्यामुळे मित्रांचेच सूत्र परत येते, असा आक्षेप संभवतो. तथापि ईयोबाचे अंतिम वचन ह्या लाभापूर्वीचे आहे. ते उच्चारताना त्याच्यापाशी ना स्पष्टीकरण आहे, ना भरपाई. मानवी बुद्धीची मर्यादा मान्य करणे म्हणजे प्रश्न सोडून देणे नव्हे. आपले उत्तर ईश्वराच्या मुखी घालण्याचा मोह सोडणे होय. मित्रांना हे साधले नाही, ईयोबास साधले.