‘कातणे’ की ‘पाडणे’? : ग्रॅफीन ऑक्साइड तंतूंच्या परिभाषेचा एक प्रश्न

मुलुंडमधून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग दक्षिणेस घाटकोपरला पोहोचतो. तेथे १९५४ साली स्थापन झालेली बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे. गिरणीच्या सुतापासून रासायनिक तंतूंपर्यंतचा वस्त्रविद्येचा प्रवास या उपनगरांना अपरिचित नाही. त्या प्रवासात क्रिया बदलली, शब्द मात्र जुनाच राहिला. ‘स्पिनिंग’साठी योजला जाणारा ‘कताई’ हा शब्द त्याचे ठळक उदाहरण होय.

कापूस कातणे म्हणजे आखूड तंतू ओढून व पिळून सूत काढणे. या सुताचे बळ पिळात असते. बहुवारिक आणि ग्रॅफीन ऑक्साइड यांचा संमिश्र तंतू निराळ्या रीतीने होतो. ग्रॅफीन ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर ऑक्सिजनयुक्त गट असल्यामुळे ते पाण्यात पसरतात. त्यांत पॉलिव्हिनिल अल्कोहोलसारखे बहुवारिक मिसळून ते मिश्रण बारीक छिद्रातून साकळणाऱ्या द्रवात सोडतात. तेथे धार घट्ट होते. प्रवाहाने व ओढीने पापुद्रे तंतूच्या लांबीशी समांतर होत जातात. तंतूचे बळ या समांतर रचनेवर आणि पापुद्रे व बहुवारिक यांच्यातील हायड्रोजन बंधांवर अवलंबून असते, पिळावर नव्हे.

‘आर्द्र कताई’ वाचणारा विद्यार्थी नसलेला पीळ शोधू लागतो. क्ष-किरण विवर्तनाने पापुद्र्यांमधील अंतर मोजतात. ते ग्रॅफाइटमध्ये सुमारे ०·३४ नॅनोमीटर, तर ग्रॅफीन ऑक्साइडमध्ये सुमारे ०·८ नॅनोमीटर असते. पापुद्र्यांची दिशाही त्याच परीक्षेत पाहतात. ती का पाहावी, याची सूचना त्या शब्दातून मिळत नाही.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. मराठीत कोळ्याला ‘कांतीण’ असेही म्हणतात, आणि तिचा धागाही द्रवापासूनच होतो. तेव्हा ‘कातणे’ पिळाशीच बांधलेले नाही. हे मान्य केले, तरी आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे कांतीण येत नाही. चरखा व गिरणीच येते.

याउलट, सोऱ्यातून शेव ‘पाडतात’ हे घरोघरी ठाऊक आहे. ‘तंतू पाडणे’ म्हटल्याने छिद्र, दाब आणि घट्ट होणारी धार ही तिन्ही एकदम कळतात. शेवेला ओढ नसते, एवढी या उपमानाची मर्यादा. म्हणून ‘ओढ’ ही पायरी व्याख्येत स्वतंत्रपणे नोंदवावी लागेल. शब्द रूढ आहे एवढ्यावर तो स्वीकारू नये. क्रियेचे कारण तो दाखवितो की झाकतो, हीच परिभाषेची खरी कसोटी होय.