आम्फवा येथील द्वितीय राम स्मृतिउद्यान : वास्तू, वनस्पती आणि हरवणारा आवाज

थायलंडच्या चक्री राजवंशातील दुसरा राजा, द्वितीय राम (राज्यकाल १८०९–१८२४), हा थाई वाङ्मयेतिहासात राज्यकर्त्यापेक्षा कवी म्हणून अधिक ओळखला जातो. बँकॉकच्या नैऋत्येस, मे क्लोंग नदीच्या काठी असलेल्या आम्फवा या गावी त्याचा जन्म झाला. ब्रह्मी सैन्याने १७६७ मध्ये अयुथ्थया ही राजधानी उद्ध्वस्त केली, तोच हा काळ. या गावातील वात आम्फवन चेतियाराम या विहाराला लागून, विहाराच्या प्रमुख भिक्षूंनी दिलेल्या सुमारे ११ राय (साडेचार एकरांहून कमी) जमिनीवर, राजाच्या नावाने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने हे स्मृतिउद्यान उभारले आहे. पारंपरिक थाई कला व संस्कृती यांचे जतन हा त्याचा घोषित हेतू होय. एका कवीचे, विशेषतः नृत्यनाट्य लिहिणाऱ्या कवीचे, स्मारक बागेच्या रूपात कितपत साकारू शकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्यानाचा मध्यवर्ती भाग म्हणजे खांबांवर उचललेली, उतरत्या छपरांची चार सागवानी पद्धतीची थाई घरे. त्यांत रत्नकोसिन काळाच्या आरंभीचे जीवन मांडलेले आहे. पुरुषांचे दालन, स्त्रियांचे दालन, ओसरी, स्वयंपाकघर अशी ही विभागणी आहे. पुरुषांच्या दालनात बुद्धमूर्ती आणि शौर्याची चिन्हे. स्त्रियांच्या दालनात शय्या, प्रसाधन आणि भरतकाम. मांडणी नेटकी आहे, पण तिच्यातून प्रकट होणारे जग या कवीच्या दरबाराचे नव्हे. 'लखोन नै' हा राजवाड्यातील नृत्यनाट्यप्रकार स्त्रियांचा होता. राम, दशमुख (थाई उच्चारात तोत्सकान), हनुमान या सर्व भूमिका राजवाड्यातील स्त्रियाच करीत. द्वितीय रामाची 'इनाओ' आणि 'रामकियन' ही दोन्ही नाटके त्या स्त्रियांच्या शरीरांसाठी, त्यांच्या हालचालींच्या मापाने लिहिली गेली. पद रचल्यानंतर ते नृत्यात बसते की नाही हे पाहून मगच ते कायम केले जाई, असे परंपरा सांगते. त्या अर्थाने नर्तिका या संहितेच्या सहकर्त्या ठरतात. भरतकामाच्या दालनात त्यांना शोधणे व्यर्थ आहे.

वनस्पतिबाग मात्र कल्पक आहे. थाई काव्यात नावाने येणारे वृक्ष, वेली व फुलझाडे येथे लावली आहेत. अभिजात थाई काव्यात नायक अरण्यातून जाताना एकेका झाडाचे नाव घेतो आणि त्या नावावर श्लेष साधून विरह व्यक्त करतो. शहरी वाचकाला त्यांपैकी बरीच झाडे आज केवळ शब्द म्हणून माहीत असतात. झाड समोर उभे राहिले की शब्दाला सावली आणि गंध मिळतो. कोशकाराला जे साधत नाही ते येथे माळ्याला साधले आहे, असे म्हणता येईल.

बागेतील शिल्पांबाबत तसे म्हणता येत नाही. 'सांग थाँग', 'क्रै थाँग' यांसारख्या नाटकांतील पात्रे येथे पुतळ्यांच्या रूपात उभी आहेत. ही नाटके 'लखोन नोक' म्हणजे राजवाड्याबाहेरच्या लोकनाट्याच्या वळणाची. या प्रकारातील पाच नाटके द्वितीय रामाच्या नावावर आहेत. 'सांग थाँग'चा नायक सोन्याच्या शंखातून जन्मतो आणि 'न्गो' नावाच्या कुरूप, काळ्यासावळ्या वनवासी माणसाच्या वेषात लपतो. सात राजकन्यांतील धाकटी रोचना हिलाच वेषाआडचे सुवर्णरूप दिसते, आणि ती त्याच्या दिशेने माळ टाकते. सारे नाट्य या एका पाहण्यात आहे: प्रेक्षकाला ठाऊक असते, दरबाराला ठाऊक नसते, रोचनाला दिसते. पुतळ्याला दोन रूपांपैकी एकच घ्यावे लागते. शिवाय दक्षिणेकडील वनवासी जमातीचे रूप हास्यास्पद वेष म्हणून वापरण्यातील तुच्छताही आजच्या वाचकाला खटकल्याखेरीज राहत नाही.

'पारंपरिक थाई' या विशेषणाचाही येथे विचार करावा लागतो. राजा सहावा राम याच्या काळातील वाङ्मयमंडळाने १९१६ मध्ये 'इनाओ' हे नृत्यनाट्यांतील सर्वश्रेष्ठ काव्य ठरविले. परंतु त्याची कथा जावा बेटावरील पांजी कथाचक्रातून, मलय दासींच्या तोंडून अयुथ्थयाच्या राजकन्यांपर्यंत पोहोचली असे मानले जाते. 'रामकियन'चे मूळ भारतीय, पण त्यातील हनुमान अनेक प्रणयांचा नायक. मारुतीला ब्रह्मचारी म्हणून पूजणारा मराठी वाचक तेथे क्षणभर थबकतो. याच राजाच्या नौकागीतात खाद्यपदार्थांची जी स्तुती आहे, तीत जिऱ्यासारख्या मसाल्याचा वास येणारी 'मस्समन' ही मुस्लिम वळणाची आमटी आणि वेलदोडा घातलेला परदेशी धर्तीचा भात मानाने येतात. द्वितीय रामाचा 'थाईपणा' हा घेण्याचा आणि पचविण्याचा गुण आहे. खांबांवरच्या घरांची बंदिस्त शुद्धता त्याच्याशी मेळ खात नाही.

या स्थळाचा खरा अर्थ कदाचित उद्यानाच्या कुंपणाबाहेर, नारळीच्या बागांत शोधावा लागेल. राजा 'सो साम साय' हे तीन तारांचे, गजाने वाजविण्याचे वाद्य उत्तम वाजवीत असे. या वाद्याच्या भोपळ्यासाठी तीन ठळक फुगवटे असलेली विशिष्ट करवंटी लागते आणि तशी फळे देणारे माड विरळा असतात. ज्याच्या बागेत असा माड असेल त्याला राजाने करमाफी दिली, असे सांगितले जाते. माड तोडला जाऊ नये म्हणून कर सोडणे, हे कलाश्रयाचे फार व्यावहारिक रूप होय. समुत सोंगख्राम प्रांत आजही नारळ आणि माडाच्या साखरेसाठी प्रसिद्ध आहे. स्वप्नात ऐकलेली म्हणून सांगितली जाणारी त्याची 'बुलान लोय लुआन' (तरंगता चंद्र) ही रचनाही याच वाद्याशी जोडलेली आहे. राजाने कोरलेले म्हणून ख्यात असलेले, पुढे आगीत हानी पोहोचलेले वात सुथातचे दार बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आम्फवाने त्याची उणीव मानण्याचे कारण नाही. आम्फवापाशी माड आहेत.

स्मरणापुढील धोका किती खरा आहे हे इतिहासानेच दाखविले आहे. द्वितीय रामानंतर गादीवर आलेल्या तृतीय रामाने राजवाड्यातील नाट्यसंघ बंद केला. संहिता कपाटात सुरक्षित राहिली असती. नृत्य राहिले नसते. ते टिकले ते सरदारांच्या वाड्यांत विखुरलेल्या नर्तिकांमुळे, त्यांनी आपल्या शिष्यांचे हात आणि बोटे वळविल्यामुळे. उद्यानात खुले रंगमंच आहे. २४ फेब्रुवारी हा राजाचा जन्मदिन १९८५ पासून थायलंडमध्ये राष्ट्रीय कलावंत दिन म्हणून पाळला जातो आणि त्या महिन्यात येथे उत्सव भरतो, नाटके होतात. एरवी २००४ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या आम्फवाच्या तरंगत्या बाजाराकडे निघालेला प्रवासी वाटेत उद्यानात शिरतो, घरे पाहतो, पुतळ्याशेजारी छायाचित्र काढतो आणि संध्याकाळी काजवे पाहण्यासाठी होडीत बसतो. तो रोचनाला पाहतो. तिने माळ टाकलेली मात्र पाहत नाही. त्यासाठी त्याला फेब्रुवारीत, पीफात वाद्यवृंद सुरू झाल्यावर, त्या खुल्या रंगमंचासमोर यावे लागते.