नाकाझावाची नव्वद मिनिटं

३ ऑगस्ट २००४, चीनमधलं जिनान. आशिया चषकाची उपांत्य फेरी. बहारीनविरुद्ध जपान २-३ असा मागे. एन्दोला लाल कार्ड मिळाल्यामुळे पूर्वार्धापासूनच दहा जण खेळताहेत. नव्वदावं मिनिट. चेंडू आत येतो आणि ज्याची खरी जागा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, तो सेंटर बॅक युजी नाकाझावा झेपावून डोक्याने बरोबरी साधतो. जादा वेळेत तामादाच्या गोलने जपान ४-३ जिंकला आणि पुढे चषकही. मला मात्र पुन्हापुन्हा पाहावासा वाटतो तो हा हेडर. तीनच दिवसांपूर्वी जॉर्डनविरुद्धच्या शूटआउटमध्ये याच नाकाझावाची पेनल्टी वाया गेली होती. त्याचा मागमूसही या झेपेत नाही.

ही निर्भयता त्याने फार आधी कमावली असावी. शाळा संपल्यावर तो थेट ब्राझीलला गेला, बेलो होरिझोन्तेच्या अमेरिका क्लबच्या युवा संघात. परतल्यावर १९९८ मध्ये वेर्दी कावासाकीत शिकाऊ म्हणून दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी जे-लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २००२ पासून योकोहामा एफ. मारिनोस. २००३ आणि २००४ ची विजेतेपदं, २००४ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. हा मान बचावपटूच्या वाट्याला क्वचितच येतो.

त्याच्या खेळाचं मर्म मला सापडतं ते एका विक्रमात. लीगमधले सलग १७८ सामने तो पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळला. गोलरक्षक सोडून इतर कुणालाही हे साधलेलं नव्हतं. ही मालिका २०१८ मध्ये, चाळिशीत थांबली. यात दुखापती टाळणं आलंच, पण त्याहून अवघड म्हणजे निलंबन टाळणं. पिवळी कार्डं साठली की सामना हुकतो, आणि कार्डं बहुधा उशिरा पोचणाऱ्याला मिळतात. पाय घालावा लागण्याआधीच नाकाझावा जागेवर हजर असे. टाळ्या मिळतात त्या घसरत जाऊन केलेल्या टॅकलला. त्याची वेळच येऊ न देण्यातलं त्याचं कसब मला अधिक सुंदर वाटतं.

२०१० च्या विश्वचषकाच्या तोंडावर कर्णधाराची पट्टी त्याच्याकडून हासेबेकडे गेली. दक्षिण आफ्रिकेत तुलिओच्या जोडीने तो मात्र तसाच खेळला: चार सामन्यांत जपानवर फक्त दोन गोल, आणि पॅराग्वेविरुद्ध शूटआउटमध्ये गमावलेल्या सामन्यात १२० मिनिटांत एकही नाही.