कॉक्लिअर इम्प्लांटची आज्ञावली आणि तिच्यातील ध्वनिविचार

श्रवण-तंत्रिकेला विजेच्या साहाय्याने चेतविणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटची चर्चा बहुधा वैद्यकाच्या किंवा अभियांत्रिकीच्या अंगाने होते. तथापि कोणत्या क्षणी, कोणत्या विद्युत् अग्रातून, किती प्रवाह सोडावयाचा हे ठरविणारी या यंत्राची आज्ञावली भाषाविज्ञानाच्याही कक्षेत येते. उच्चारातील काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे याचा निर्णय तीच करते. अशी प्रत्येक आज्ञावली म्हणजे वाणीविषयीचा एक सिद्धान्तच होय. आणि सिद्धान्त म्हणूनच तिची परीक्षा झाली पाहिजे.

निवड करणे येथे अटळ आहे. निरोगी कानातून सुमारे ३०,००० तंत्रिका-तंतू मेंदूकडे जातात. यंत्राजवळ विद्युत् अग्रे असतात ती सामान्यतः १२ ते २२. शिवाय अंतर्कर्णातील द्रवात प्रवाह पसरतो व शेजारच्या अग्रांच्या क्षेत्रांची परस्परांत सरमिसळ होते. १९५७ मध्ये पॅरिस येथे जुर्नो आणि एरिएस यांनी केलेल्या पहिल्या प्रयोगात तर एकच वाहिनी होती. तिच्याद्वारे लय कळे, शब्द उमगत नसत.

१९७८ मध्ये मेलबर्न येथे ग्रेअम क्लार्क यांच्या गटाने अनेक वाहिन्यांचे यंत्र रुग्णाच्या कानात बसविले. त्याची आरंभीची आज्ञावली उघडउघड ध्वनिविज्ञानावर उभी होती. उच्चाराचा दुसरा फॉर्मंट शोधून त्यानुसार एक अग्र निवडावयाचे, आणि कंठातील मूळ कंप्रतेइतक्या गतीने तेथे स्पंद द्यावयाचे, अशी तिची रीत होती. पुढे पहिल्या फॉर्मंटची, आणि त्यानंतर वरच्या कंप्रतापट्ट्यांची भर पडली. ही भरच सिद्धान्ताची मर्यादा दाखविते. जे लक्षण गौण मानून वगळले, त्याची उणीव श्रोत्याला भासत होती. शिवाय गोंगाटात फॉर्मंट चुकीचा हेरला गेला, तर श्रोत्याच्या हाती चुकलेला निष्कर्षच पडे. तो सुधारण्याची सामग्री त्याच्यापाशी नसे.

ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धती याच्या उलट दिशेने जाते. ती ध्वनीचा अर्थ लावीत बसत नाही. ध्वनीचे कंप्रतापट्टे पाडून, प्रत्येक पट्ट्यातील तीव्रतेचा चढउतार तेवढा ती संबंधित अग्राकडे पाठविते. आणि सर्व स्पंद एकाआड एक सोडून प्रवाहांची सरमिसळ टाळते. नव्वदीच्या दशकात मेलबर्नच्या परंपरेनेही फॉर्मंटचा शोध सोडून दिला आणि २० पट्ट्यांपैकी सर्वाधिक ऊर्जेचे साधारण सहा पट्टे निवडण्याची रीत पत्करली. १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अवघ्या चार पट्ट्यांतील चढउतार राखले तरी सामान्य श्रोते शांत वातावरणात इंग्रजी वाक्ये जवळजवळ पूर्णपणे ओळखतात. यातून भाषावैज्ञानिकांनी घ्यावयाचा बोध नम्रतेचा आहे : लक्षणे निवडण्याचे काम श्रोत्याच्या मेंदूवर सोपविणे अधिक फलदायी ठरले.

परंतु यावरून नवी आज्ञावली भाषानिरपेक्ष आहे असे मानणे चूक ठरेल. जी सूक्ष्म कंपने ती टाकून देते, त्यांतच सुराचे ज्ञान प्रामुख्याने साठविलेले असते. म्हणूनच चिनी भाषेतील सुरभेद ओळखणे या श्रोत्यांना जड जाते. मराठीत शब्दाचा अर्थ सुराने बदलत नाही हे खरे. पण 'तो आला' हे विधान की प्रश्न, याचा निवाडा बहुतेक वेळा सुरावरच होतो. जुन्या आज्ञावलीत मूळ कंप्रतेला निश्चित स्थान होते. नवीत ती अप्रत्यक्षपणे व अंधूकशीच पोहोचते.

व्यंजनांचा प्रश्न याहून बिकट आहे. 'वात' आणि 'वाट' यांतील दंत्य-मूर्धन्य भेदात तिसऱ्या फॉर्मंटचे खाली उतरणे हे महत्त्वाचे गमक असते. दुसरा व तिसरा फॉर्मंट जवळ आले की ते शेजारच्या किंवा एकाच पट्ट्यात पडू शकतात. 'दार' आणि 'धार' यांतील भेद स्वरारंभीच्या सघोष श्वासात असतो. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' ही जगण्याची आज्ञा, यांतील भेद लिपी दाखवीतच नाही. तो घर्षणाच्या कंप्रतेवरून ओळखावा लागतो. अशा भेदांचे काय होते, हे इंग्रजी शब्दांच्या चाचणीवरून ठरविता येणार नाही.

प्रौढपणी बधिरत्व आलेला श्रोता तुटक संकेतांत स्मरणातील भाषेची भर घालतो. जन्मतः बधिर असलेल्या बालकापाशी अशी ठेव नसते; यंत्रातून जे येते, त्यावरच त्याला बोलीतील भेद उभारावे लागतात. प्रत्येक अग्राची जाणवण्याची किमान व सुसह्यतेची कमाल मर्यादा आज्ञावलीत बसविताना कसोटी असते ती स्पंदांची, शब्दांची नव्हे. ती बसविल्यावर मराठीतील कोणते भेद शाबूत राहिले, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. त्यासाठी एका स्वनिमाने भिन्न होणाऱ्या, लहान मुलांना परिचित अशा शब्दजोड्यांची, बोलीभेद ध्यानात घेऊन रचलेली चाचणी हवी. ते काम अभियंत्याचे नाही. ते मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांनीच केले पाहिजे.