‘काबुलीवाल्या’तील पार्वती

रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’ (१८९२) शिकवताना वर्गात एक निष्कर्ष ठरून गेलेला असतो : काबूलचा मेवेवाला आणि कलकत्त्याचा कुलीन गृहस्थ यांतील अंतर पितृत्वाने पुसले गेले. कथेचा निवेदकही तेच म्हणतो. पण निवेदकाचे म्हणणे कथेला कितपत मान्य आहे, हे तपासावे असे आम्हांस वाटते.

निवेदक लेखक आहे. घरात बसून दूरदेशांची चित्रे रंगविणारा. रहमत मुले पळवील या पत्नीच्या भयास तो हसतो. मात्र तुरुंगातून सुटलेला रहमत नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी दारी उभा राहतो, तेव्हा शुभदिनी खुनी माणूस नको म्हणून त्याला वाटेस लावू पाहणारा हाच गृहस्थ असतो. सुशिक्षिताचे औदार्य किती पातळ असते!

मग रहमत उराशी जपलेला मळका कागद उलगडतो. त्यावर काजळीने उमटविलेला मुलीचा हात. तो पाहून निवेदक द्रवतो, आणि त्या पहाडी मुलीस ‘पार्वती’ म्हणतो. पर्वताची कन्या, हा श्लेष सुंदर आहे; दुर्गापूजेच्या दिवसांत, लेक सासरी निघालेल्या बंगाली घरी तो सहज सुचणाराही आहे. परंतु पठाणाच्या लेकीस आपल्या देवघरातले नाव दिल्यावाचून निवेदकास ती आपली वाटत नाही. तिचे खरे नाव तो विचारीत नाही, आणि कथेतही ते कोठे येत नाही. आमच्या मते कथेतील अंतर येथेच सर्वांत स्पष्ट दिसते, जरी नेमके येथेच ते मिटले असे आपण शिकवितो.

पैशाचेही तसेच. निवेदकाने दिलेली अधेली रहमत पूर्वी मिनीच्याच हाती ठेवतो. लग्नाच्या दिवशी द्राक्षांचे मोल देऊ जाताच तो निवेदकाचा हात धरतो. आपण सौदा करावयास आलो नाही, म्हणतो. अखेरीस निवेदक नोट देतो आणि रहमतच्या भेटीच्या सुखाने मिनीचे कल्याण होवो, असे इच्छितो. त्यासाठी रोषणाई व बँड यांना कात्री लागते, घरातील स्त्रिया नाराज होतात. त्याग खरा आहे. तो आम्ही नाकारीत नाही. पण दोनदा पैसा परतविणारा रहमत या वेळी काय बोलला, हे निवेदक सांगत नाही.