आधी शिकायचं, की आधी उभं राहायचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीने मला दारातच गाठलं. म्हणाली, "सर, ऑडिशनला जायच्या आधी अभिनयाचं शिक्षण घ्यायलाच हवं का? निदान अनुभव तरी हवा का?" मी तेव्हा उत्तर टाळलं. कारण हाच प्रश्न पूर्वी एका विद्यार्थ्याने मला विचारला होता आणि माझं उत्तर चुकलं होतं. त्या चुकीकडे शेवटी येतो.

आधी एक चित्रपट घेऊ. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', २०१३ सालचा. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात जब्याचं काम सोमनाथ अवघडे या मुलाने केलं आहे. अभिनयाचं शिक्षण नाही, पाठीशी एकही चित्रपट नाही. हलगी वाजवणारा मुलगा. त्याच्या वडिलांच्या, कचरूच्या भूमिकेत आहेत किशोर कदम. सत्यदेव दुबे यांच्या हाताखाली तयार झालेले, रंगमंचावर आणि पडद्यावर मुरलेले. म्हणजे एकाच घरात एक घडलेला नट आणि एक कोरा मुलगा. आणि गंमत बघा, यातला शिकलेला कोण, हे पाहताना आपल्या मनातही येत नाही. अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

यावरून लोक लगेच म्हणतात, "बघा, शिक्षणबिक्षण काही लागत नाही." थांबा. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून एवढं बोलतो. 'शिक्षणाशिवाय अभिनय अशक्य' हे विधान खोडायला एक उदाहरण पुरतं. पण 'शिक्षण नकोच' हे सिद्ध करायला ते पुरत नाही.

दोघांची कामं जरा बारकाईने पाहा. जब्याकडून चित्रपट काय मागतो? चोरटी नजर, वर्गातल्या मुलीसमोर वाटणारी लाज, आणि साठत जाणारा राग. हे त्या वयाच्या मुलाजवळ असतंच. दिग्दर्शकाने ते ओळखलं, त्याला बोलायला कमी आणि बघायला जास्त दिलं, आणि योग्य क्षणी कॅमेरा लावला. कचरूचं तसं नाही. गावकऱ्यांपुढे वाकणारा आणि पोरावर खेकसणारा माणूस हा एकच आहे, हे कदम यांना आवाजातून आणि पाठीच्या कण्यातून दाखवावं लागतं. डुक्कर पकडण्याच्या प्रसंगात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि धावणारं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. तिथे मुलगा खरा वाटतो, कारण तो मुलगाच आहे. बाप खरा वाटतो, कारण तो घडवलेला आहे. दोन्ही खरंच, पण दोन्हींची जात वेगळी.

हा फरक दिदेरो या फ्रेंच तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच मांडला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: केवळ भावनेच्या जोरावर खेळणारा नट एका रात्री थोर असतो आणि पुढच्या प्रयोगात थंड पडतो. विचारपूर्वक घडवलेला नट रोज तोलून तेवढंच देतो. दिदेरो रंगभूमीबद्दल बोलत होता. चित्रपटाने यात मोठा बदल केला. पडद्यावर खरा क्षण एकदाच सापडला तरी चालतो, कॅमेरा तो जपून ठेवतो. नाटकात तोच क्षण पन्नासाव्या प्रयोगालाही, बसलेल्या घशाने, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. म्हणून मी म्हणतो, पहिली भूमिका शिक्षणाशिवाय मिळू शकते. परीक्षा असते ती दुसऱ्या भूमिकेची, जिथे तुमच्याजवळ नसलेलं काहीतरी तुम्हाला आणावं लागतं.

आता अनुभवाचं. डॉ. श्रीराम लागू कोणत्या अभिनयशाळेत गेले होते? गेले नव्हते. ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. पण १९६९ साली व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा त्यांच्यामागे हौशी रंगभूमीवरची कितीतरी वर्षं होती. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. यांना आपण 'न शिकलेले' म्हणतो, ते चूक आहे. ते शिकले होते, फक्त फी भरून नव्हे. ॲरिस्टॉटल सांगतो की माणूस घर बांधूनच गवंडी होतो आणि वाद्य वाजवूनच वादक होतो. आधी गुण आणि मग कृती असा क्रम नाही. कृतीतूनच गुण येतो.

आणि आणखी एक गोष्ट. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेश कसा मिळतो? आधी नाटकांत काम केलेलं असावं लागतं, आणि तिथे निवडकर्त्यांसमोर उभं राहून करून दाखवावं लागतं. म्हणजे सगळ्यात नावाजलेल्या शाळेच्या दारातच ऑडिशन आहे! मग 'आधी शिक्षण, नंतर ऑडिशन' या नियमाचं काय राहिलं?

आता माझी चूक. तो विद्यार्थी हुशार होता. घरची परिस्थिती बेताची. कॉलेजात माझी नक्कल इतकी हुबेहूब करायचा, की मीच ओशाळायचो. एका नाटकासाठी निवडचाचणी होती. विचारायला आला, "सर, जाऊ का?" मी म्हणालो, "आधी नीट तयारी कर. अर्धवट जाऊन हसं करून घेऊ नकोस." त्याने ऐकलं. तयारीसाठी पैसे लागतात, वेळ लागतो, तो नोकरीला लागला. माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला आला होता. हसत म्हणाला, "सर, तयारी अजून चालूच आहे."

ते हसणं मला अजून विसरता आलेलं नाही. माझा सल्ला शहाणपणाचा वाटत होता, पण त्यात 'आधी' हा शब्द होता, आणि ज्याच्याकडे पैसा आणि वेळ नाही त्याच्यासाठी 'आधी' म्हणजे 'कधीच नाही'. शिवाय याच 'आधी'वर कितीतरी महागडे वर्ग चालतात.

तेव्हा त्या मुलीला, ती ऐकत असेल तर, माझं उत्तर असं. जा. उतारा पाठ करून, त्यातला माणूस समजून घेऊन जा. नापास झालीस तर तो निकाल त्या एका भूमिकेपुरता समज, तुझ्यावरचा नाही. पण दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी हौशी संस्थेच्या तालमीला जाऊन बस. पडदा ओढायला मिळाला तरी ओढ. आवाज कमावायला लाग. शिक्षण हवंच, आयुष्यभर हवं. फक्त ते दाराबाहेर उभं राहून पुरं करायची गोष्ट नाही.

इथे थांबतो.